पाठीचं निमित्त

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

चि. हवालदारबाई,

तुझ्या वहिनीचे अनेक आशीर्वाद. वाचून हसू नकोस. वयानं थोडीशीच मोठी असले तरी नात्यानं वहिनी आहे, तेवढा हक्क राहू दे. इकडे सगळे ठीक आहेत. आईंचा खोकला कमी झालाय. तुझ्या दादानं घरातले गळणारे नळ दुरुस्त केले आणि आता न गळणारे उघडून बसलाय. मी शिवणाच्या दुकानात पुन्हा जायला लागले. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी मला खुर्ची दिली, दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कापडाचे गठ्ठे येऊन बसले. म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं म्हणायचं.

एकाच गावात राहून पत्र कसलं, असं वाटेल तुला. पण फोन केला की तू ‘वहिनी, पेशंट आहे गं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. रविवारीही पेशंट, जेवायच्या वेळीही पेशंट. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. तुझ्या दादाच्याच हाती पाठवतेय. तो उघडून वाचणार नाही, त्याची छाती होणार नाही.

आधी तब्येतीचं सांगते, नाहीतर व्यायाम घेताना ओरडतेस तशी हवालदारासारखी ओरडशील. गिऱ्हाइकाच्या घेराचं माप घ्यायला वाकले की कमरेत डाव्या बाजूला कळ येते आणि सरळ होताना भिंत धरावी लागते. शिंक येणार असं वाटलं की पाय आवळून उभी राहते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई फार शिस्तीच्या. पोटाच्या स्नायूंमधली फट किती भरली ते उताणी झोपून, डोकं उचलून, तू दाखवलंस तसं बोटांनी चाचपते, पण माझी बोटं नेमकी कुठे पडतात देव जाणे. तू पाठवलेले व्यायामाचे व्हिडिओ पाहते. पाहते म्हणजे पाहतेच, करत नाही. खोटं कशाला बोलू?

तुझ्याऐवजी तू जिला पाठवलंस ती तुझी क्लिनिकमधली मैत्रीण चांगली आहे गं. हात उबदार आहेत, कामात चोख आहे. पण माझा हॉस्पिटलचा कागद वाचला आणि तिनं आवाज इतका खाली आणला, की मला वाटलं मीच गेलेय. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी नका येऊ. राग नव्हता माझा. तिच्या हातांना माझी पाठ माहीत नव्हती, एवढंच.

तुझ्या हातांना माहीत आहे. सातव्या महिन्यात कुशीवर वळायचं म्हटलं की जांघेतलं हाड दोन बाजूंनी कोणी ओढतंय असं व्हायचं आणि मी रडकुंडीला यायचे. तू आलीस, गुडघ्यांमध्ये उशी दिलीस, ‘गुडघे चिकटवून ठेव आणि अख्खी एकदम वळ, लाकडाच्या ओंडक्यासारखी’ म्हणालीस. पट्टा कमरेच्या खाली बांधायचा ते दाखवलंस, कारण मी तो शहाणपणा करून कमरेला बांधत होते. आणि तो व्यायामाचा मोठा चेंडू! ‘यात काय एवढं’ म्हणत तुझा दादा त्यावर बसायला गेला आणि थेट कपाटावर जाऊन आदळला. आपण दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. तेव्हा आतूनही एक जोराची लाथ आली होती. मी तुझा हात धरून तिथे ठेवला होता, आठवतं?

बघ, आलेच शेवटी तिथे. म्हटलं होतं फक्त कमरेचं लिहायचं.

त्या दिवशी तू शेवटची तपासायला आलीस त्याबद्दल आता बोलूया. तू माझ्या पोटावर बोटं ठेवलीस, ‘छान भरतेय’ म्हणालीस. मग मला उठवून बसवलंस आणि सगळ्या बायांना सांगतेस ते एका दमात म्हणून गेलीस, ‘आता बाळाला उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकवायचे आणि बाळाला आधी छातीशी...’ आणि थांबलीस. तुझ्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. चटईसुद्धा न गुंडाळता तू निघून गेलीस. आई बाहेरून म्हणत राहिल्या, अगं चहा तरी घे. तेव्हापासून तुला सारखे पेशंट आहेत.

वेडाबाई, तुला काय वाटलं, मी दुखावले? खरं सांगू? या घरात अळीमिळी गुपचिळी चालली आहे. आई ‘जे झालं ते’ म्हणतात. तुझा दादा पाना घेऊन नळ शोधत फिरतो. शेजारच्या काकू ‘अजून वय आहे तुमचं’ म्हणतात. छोटे कपडे माझ्या नकळत कोणीतरी कपाटातून काढले, कुठे नेले मी विचारलं नाही. दूध मात्र यायचं ते आलंच, त्याला कोणी निरोप दिला नव्हता. आणि अशा घरात तू एकटी, चुकून का होईना, ‘बाळ’ म्हणालीस. जणू ते होतं. अगं, होतंच की! नऊ महिने माझ्या कमरेचे हाल कोणी केले मग? तू गेल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते, आणि मला बरं वाटत होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण बरं वाटत होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. अक्षर बिघडेल, लावून घे.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत डॉक्टरांनी पोटातले ठोके थांबलेत म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी कळा सोसायच्या होत्याच. प्रत्येक कळेला तू माझ्या कमरेवर दोन्ही तळवे दाबून उभी राहिलीस आणि ‘श्वास सोड, वहिनी, सोड’ म्हणत राहिलीस. तुझे हात नसते तर मी तिथेच मोडून पडले असते. मग सगळं शांत झालं. नर्सनं मला विचारलं, ‘बघायचंय का?’ मागून आई म्हणाल्या, ‘नको, आयुष्यभर डोळ्यांसमोर राहील.’ त्या माझ्याच भल्यासाठी म्हणाल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला भीती वाटली गं, फार भीती वाटली.

परत वळले तेव्हा तू खिडकीपाशी होतीस. मला फक्त तुझी पाठ दिसली. पण तुझ्या हातांत ती होती, कारण तुझा एक खांदा किंचित वर उचललेला होता आणि तू आपली नकळत डुलत होतीस, झोपवताना डुलतात तशी.

दिवसभर लोकांची मापं घेते मी. माझ्या मुलीची लांबी-रुंदी मला माहीत नाही.

तुला माहीत आहे. या सगळ्या घरात फक्त तू तिला घेतलंस. म्हणून विचारते. ती जड होती का? केस होते? नाक कोणावर गेलं होतं, आमच्याकडचं बसकं की तुमचं धारदार? बोटं कशी होती? काही वेडंवाकडं असेल तर तेही सांग, मी ऐकेन. ‘वहिनीला सोसणार नाही’ असं मनाशी ठरवून हातचं राखू नकोस. न कळणंच सोसत नाहीये मला.

तू स्वतःही हे कोणाजवळ बोलली नसशील. क्लिनिकमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या कुशीतली बाळं बघतेस आणि घरी जाऊन गप्प बसतेस, माहीत आहे मला. दोघींनी वेगवेगळ्या घरांत एकाच मुलीसाठी रडायचं, हे काही बरं नाही.

ये. कमरेचं निमित्त आहेच, आईंना तेवढं सांगू. दार लावून घेऊ. तू माझ्या पाठीवर हात ठेव आणि तिच्याबद्दल बोल, सावकाश, जेवढं आठवतं तेवढं सगळं.

वाट बघतेय.

तिची आई