अज्ञात कलाकाराचं स्वस्तिक

तिकीट साडेसात पाउंड, कॉफी अडीच, ट्यूब रेल्वेचं भाडं निराळं. पण प्रदर्शनाचा खरा खर्च असा, की ज्या कामाबद्दल तीस वर्षं मनात गोडी होती त्याचीच किळस आली. म्हणून हे लिहायला बसलो.

मी, योएल सॅम्सन किहीमकर, वय त्र्याहत्तर, धंदा शिंपीकाम, मूळ मुंबई-भायखळा, हल्ली मुक्काम लंडनचं हाउन्सलो. बुद्धी शाबूत, कान त्याहून शाबूत. कुणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, तर स्वखुशीने आणि पुरेशा संतापाने हे मृत्युपत्र करतो. याआधीचं रद्द समजावं. वकिलांनी हवा तर इंग्रजी तर्जुमा करावा. मला राग मराठीतच नीट येतो.

जे काही आहे ते माझ्या हिमतीवर मिळवलेलं आहे. या देशात आलो तेव्हा कुणाची सुईसुद्धा उसनी घेतली नाही. माझ्यामागे शोकसभेत लेव्हीने हे जरूर सांगावं.

१. राहतं घर माझा मुलगा लेव्ही आणि नात ईडन यांना निम्मं निम्मं. दारावरची मेझुझा, म्हणजे तोरावचनाची डबी, रंगारी आला तरी काढायची नाही.

२. बँकेतली शिल्लक ईडनच्या शिक्षणाला. त्यातून दर वर्षी आमच्या प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नवसाच्या गोड मलिद्याचा खर्च भागवावा. त्यातले पोहे जाड आणू नयेत.

३. आता प्रदर्शन. लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर पोरांच्या, काळातल्या पोशाखांचे फोटो एका गॅलरीत लावलेत. शहाहत्तर-सत्त्याहत्तर साली किंग्ज रोडवरच्या एका दुकानासाठी त्यातले कितीतरी कपडे मी शिवले: नको तिथे चेनी, दोन्ही पाय पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेल्या पँटी, फाटके शर्ट. फोटोसमोर आज टाय लावलेला एक टकला, तेव्हाचा पंक, वाइनचा ग्लास धरून बायकांना सांगत होता, "आम्ही सगळं घरीच, हातांनी फाडलं." अरे गाढवा, त्या फाटक्या कडेला आतून टीप मीच मारली होती! नाहीतर पहिल्या धुण्यात शर्टाचं पायपुसणं झालं असतं. त्याला माझ्याकडच्या दीड किलो सेफ्टी पिना द्याव्यात. एकदम द्याव्यात, बॉक्स उघडून.

४. शेवटच्या भिंतीवर माणसाएवढा मोठा फोटो आहे. पोरगा थुंकायच्या बेतात, बाहीवर स्वस्तिक. खाली लिहिलंय: "नाझी चिन्हाची धाडसी पौर्वात्य विटंबना. अज्ञात कलाकार." पुढे उभ्या बाईने सुस्कारा सोडला, "किती ब्रेव्ह!" 

घडलं ते असं. शनिवारी मी शब्बाथ पाळतो, शिवणाला हात लावत नाही. माझ्या शिवणाच्या खोलीची किल्ली तेव्हा मधुमतीबाई रानड्यांकडे असे. त्या पुण्याच्या, माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून. एका शनिवारी किंग्ज रोडचा दुकानवाला डझनभर शर्ट टाकून गेला, "बाहीवर स्वस्तिका काढा, संध्याकाळी नेतो." बाईंनी काढलं. लाल दोऱ्याने, सरळ उभं, चारी घरांत चार ठिपके, कडेला हळदी रंगाची साखळी. रविवारी उरलेला एक शर्ट दिसला, तो घेऊन मी बाईंपुढे धरला.

"बाई, हे काय केलंत?"

"स्वस्तिक. त्याच्या दुकानाची वास्तुशांत असेल म्हटलं."

"अहो, मी ज्यू आहे!"

"मग? दिवाळीला माझ्या दारातलं ओलांडूनच फराळाला येता की. तेव्हा नाही आठवत ते."

मग मी बसवून सांगितलं, त्या पोरांना कुठलं चिन्ह हवं होतं आणि ते लावणाऱ्यांनी काय केलं. बाईंनी शर्टाची बाही आत दुमडली. मग म्हणाल्या, "मेल्यांना शुभाचे ठिपके दिले ते परत आणा." सोमवारी दुकानवाला "फॅन्टास्टिक!" करत आणखी दोन डझन मागायला आला. मी त्याचं कापड त्याच्या अंगावर फेकलं आणि ते गिऱ्हाईक सोडलं. मोठं गिऱ्हाईक होतं.

आणि आज ती घाण काचेत बसवून त्यावर दिवे सोडलेत. आमची चूक तेवढी कला ठरली, आणि ज्यांनी ते चिन्ह मागितलं ते धाडसी!

५. उरलेला तो शर्ट माझ्या पेटीत आहे. गॅलरीला द्यायचा नाही, विकायचा नाही. बाही उसवून ठिपके बाईंना परत करावेत, उरलेलं जाळावं.

६. आता मुख्य. लेव्हीने गॅलरीला परस्पर कबूल केलंय, की माझं पायमशीन त्या फोटोशेजारी कायमचं ठेवायचं. पाटीही तयार: "किहीमकरांचं मशीन."

"पप्पा, तो मशीन आपला हेरिटेज आहे. तुमचं नाव लागेल!"

"आणि बाईंचं?"

"देअर इज ओन्ली रूम फॉर वन नेम."

बाई हल्ली पिनरला राहतात, त्यांना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्या फोटोशेजारी? शी! योएलभाऊ, मशीन तेल मागतं, दिवे नाही. आणि ईडन कधीची म्हणतेय, ब्लाउज शिवायला शिकवा."

सबब, हे मशीन गॅलरीला जाणार नाही. लेव्हीने सही केली असेल तर ती त्याची त्याने निस्तरावी. माझी कात्री मात्र ईडनला. तिने कागद कापू नये.

हे सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

योएल सॅम्सन किहीमकर
हाउन्सलो, रविवार, ११ नोव्हेंबर २००७

साक्षीदार:
१. शार्दूल गोखले, संगणक अभियंता, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू
२. मधुमती रानडे, निवृत्त, पिनर

वकिलांच्या सूचनेवरून खुलासा: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. बाईंना यातून काही मिळत नाही. कलम ५ मधल्या ठिपक्यांना किंमत नाही, आणि मशीन पहिल्या दिवसापासून त्यांचंच आहे. त्या ते पुण्याहून घेऊन आल्या होत्या.