मौन, सूर्यास्तापर्यंत

८ ऑक्टोबर, बुधवार
सुतळीचा फोन. शाळेत एका बाकावर बसायचो. अंगाने किडकिडीत म्हणून सुतळी. पंचवीस वर्षांनी याच शहरात राहायला आली आहे, एकटीच. म्हणाली, रविवारी जंगलात फिरायला येतेस का, पानं पिवळी झालीत, दिवसभर चालू, मला महत्त्वाचं बोलायचंय. लगेच हो म्हटलं. तिला माझी गरज आहे. घरात कुणाला आहे असं दिसत नाही, पण ते त्यांचं अज्ञान.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सुनेचे टाकून दिलेले बूट शोधून काढले. जरा आवळतात. मुलगा म्हणाला, आई, नवे घे ना. एका दिवसासाठी नवे बूट? याच स्वभावामुळे त्याच्याकडे महिनाअखेर काही उरत नाही.
आणखी एक सोय सुचली. मुलाच्या बढतीसाठी देवाला एक दिवसाचं मौन बोलले होते, ते तसंच राहिलंय. घरात जमत नाही, माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं. जंगलात कुणाशी बोलायचंय? एका तिकिटात दोन्ही कामं. हे म्हणाले, आणखी दोन-चार दिवस वाढवून बघ. देवधर्मात प्रथमच रस घेतला.

१२ ऑक्टोबर, रविवार, पहाटे
संकल्प: सूर्यास्तापर्यंत चकार शब्द नाही. कुणाला मनातसुद्धा नावं ठेवायची नाहीत. सुतळी काय अवतार करून येते बघू.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी, घरी आल्यावर
अपूर्व दिवस. देव पावला.
बस स्टॉपवर ओठांवर बोट ठेवलं, मग वर आकाशाकडे दाखवलं. सुतळीला कळलं. तू? दिवसभर? म्हणाली, आणि खूप हसली. तिचे बूट नवेकोरे. मनात काही आणलं नाही.
झाडं तांबडी-पिवळी. वाळक्या पानांचा पायाखाली इतका आवाज की मौनाला शोभेना. पहिल्याच चढावर माझ्या टाचेला फोड आला.
दुपारी आडव्या पडलेल्या झाडावर बसून पाव खाल्ला. तेव्हा तिने सांगितलं. छातीत गाठ आहे. येत्या शुक्रवारी ऑपरेशन. नवऱ्याला सोडून बरीच वर्षं झाली, भाऊ येणार नाही म्हणतो. म्हणाली, मरणाची भीती नाही गं, शुद्धीवर येईन तेव्हा खोलीत कुणीच नसेल, याची वाटते.
नेमकं तेव्हाच मी बुटात पाय हलवला आणि फोड फुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सुतळीने मला घट्ट मिठी मारली. म्हणाली, सगळे सल्लेच देतात, माझ्यासाठी रडलीस ती तूच. मौन असल्यामुळे खुलासा करता आला नाही. मग विचारलं, राहशील ना शुक्रवारी माझ्याजवळ? मी मान डोलावली. जंगलातून बाहेर पडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.
तिचं ऐकताना सांगण्यासारखं इतकं सुचत होतं! विसरू नये म्हणून बोटांच्या पेरांवर मोजत आले.
परतीच्या बसमध्ये सूर्य मावळला. देवाला नमस्कार केला आणि सुरुवात केली. आजार आपल्या वागण्यातून येतो. नवऱ्याला सोडू नकोस असं मी तेव्हाच म्हटलं होतं. स्पेशल रूम ही चैन आहे, जनरल वॉर्डात सोबत फुकट मिळते. आमच्या शेजारणीच्या बहिणीला हेच झालं होतं, वर्षभरात गेली, पण शेवटपर्यंत नामस्मरण चालू होतं, चेहऱ्यावर काय तेज!
सुतळीने मध्येच विचारलं, दुपारी रडलीस ते? मौन सुटल्या सुटल्या खोटं कसं बोलायचं? टाचेला फोड आला होता, म्हटलं.
त्यानंतर ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. गहिवरली असावी. घराच्या दोन स्टॉप आधीच उतरली. तिकीट भरलेलं असताना! चालायची गोडी लागली वाटतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुतळीचा मेसेज: शुक्रवारी येऊ नकोस. किती संकोची! मनापासून हवं असलं की माणूस असंच लिहितं. पिशवी भरून ठेवली: चादर, जपमाळ, प्रार्थनेचं पुस्तक. मोठ्याने वाचून दाखवीन. सुनेने विचारलं, आई, नक्की किती दिवस? हिशेब सांगितला तर चेहरा खुलला. तिलाही सुतळीची काळजी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
दोनदा फोन केला. उचलला नाही. विश्रांती घेत असेल.
संकल्प: उद्या तिला रडू द्यायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
चार वाजता हॉस्पिटलात पोचले. ऑपरेशन झालं होतं. स्पेशल रूमच घेतली होती. आत ती आणि नर्स, बाकी कुणी नाही. पलंगाशेजारची खुर्ची रिकामी. मी पिशवी ठेवली, खुर्ची पुढे ओढली.
आवाजाने सुतळीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओळखलं, कारण नर्सला म्हणाली, यांना जायला सांग.
नर्स म्हणाली, अहो ताई, मग तुमच्यापाशी कुणीच राहणार नाही.
चालेल, म्हणाली.