लाल कोटातला फोटो

दोहा, ऑक्टोबर २०२२

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. वर्ल्डकपमुळे हॉटेलात रोज तालमी असतात, साउंड माझ्याकडे. जेवायला उशीर होतो, पण जेवतो. तुम्हाला दम लागायचा कमी झाला का?

काल मेक्सिकोची एक गायिका आली होती. तीस वर्षं गावाकडची गाणी गाऊन मोठी झालेली. म्हणाली, "वडील लग्नांत ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्यामागे उभी राहून शिकले."

इथे मी तुम्ही शिक्षक होतात असं सांगितलंय. काल तिच्याशी पहिल्यांदा खरं बोललो, "माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात."

"मग तुझ्या लग्नात त्यांनीच वाजवलं असेल!"

मी केबल गुंडाळत राहिलो. लग्नाच्या दिवशी तुम्हाला बँडचा कोटसुद्धा मी घालू दिला नव्हता.

आप्पा, त्या लाल कोटातला फोटो पाठवाल?

बँडवाल्यांचा मुलगा,
मयूर