लोणी घातलेला पाव

मोंमार्त्र, गुरुवार

सासूबाईंना क्लोतील्दचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? भट्टीपाशी फार वेळ उभ्या राहत जाऊ नका.

मागे मी लिहिलं होतं, की तुमचे पाव चार दिवसांत संपतात. ते खरंच होतं, पण ते पोटात जात नव्हते. चित्रात कोळशाने काढलेली रेघ पुसायला हे पावाचा मऊ गर वापरतात. पूर्वी एक पाव आठवडाभर पुरायचा. इथली तरणी पोरं ह्यांची रेघ गिरवून चित्रकार होतात, आणि हे मात्र उन्हाळ्यापासून एकच चेहरा काढतात आणि पुसतात. जेवायला हाक मारली की म्हणतात, "तू बस, मी आलोच," आणि येत नाहीत.

माझं पत्र वाचून तुम्ही खूश झालात आणि या खेपेला पिठात लोणी मळलंत. मंगळवारी ह्यांनी तोच पाव कागदावर घासला. हा एवढा ओशट डाग पडला. त्यावर कोळसा काही बसेना. मी जीव मुठीत धरून उभी.

ह्यांनी बोटांचा वास घेतला. "आईनं लोणी घातलंय गं," म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर बसून अख्खा पाव खाल्ला.

चेहरा कोणाचा, ते सांगायला नको. डाग तुमच्या गालावर पडलाय. "राहू दे," म्हणतात, "आता ती आईसारखी दिसते."

सासूबाई, यापुढे लोण्याशिवाय एकही पाव पाठवू नका.

तुमची सून,
क्लोतील्द