जीआरईत १३१० आणि विहीर नंबर नऊ

१२ नोव्हेंबर २००६, सकाळ
...आणि म्हणूनच मी सरांना म्हणत होतो, की अमेरिकेत पीएचडीला आधी आकडा बघतात, मग माणूस. आता आकडा आलाय. १३१०. काल पुण्यात जीआरईचा पेपर संपल्या संपल्या स्क्रीनवर दिसला. मॅथ्स ७८०, इंग्लिश ५३०. (इंग्लिश मीडियममध्ये बारा वर्षं काढून ५३० कसे, हा विषय सध्या बाजूला.)
वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, वरवंडच्या पतसंस्थेत बसून सोळाशेपैकी टक्के काढले. ८१.८७. म्हणाले, डिस्टिंक्शन हाय, म्हंजी अमेरिका पक्की. मी नाही म्हणालो नाही.
दौंड कॉलेजचे शितोळे सर मात्र म्हणाले, जीआरई म्हणजे गेटपास. आत गेल्यावर विचारतात, काम काय केलंस? जुनी पिढी.

१९ नोव्हेंबर
प्रगतीला १०४०. ती आमच्या एमएस्सीच्या वर्गातली, वडगाव रासाईची, धनगरांची. शाळा मराठी. चौदा महिने गावातल्या बावीस विहिरींचं पाणी दर रविवारी बाटल्यांत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये तपासते. सरांनी हे काम आधी मला सांगितलं होतं. माझी तेव्हा वर्डलिस्ट चालू होती.
बिचारी. एवढे रविवार शब्द पाठ केले असते तर?

२६ नोव्हेंबर, रविवार
चौकात माझा सत्कार. फ्लेक्सवर ‘जीआरई परीक्षेत ८१.८७ टक्के’. माझा फोटो छोटा, अकरा शुभेच्छुकांचे मोठे. शाल, श्रीफळ. मग मी मार्गदर्शन केलं. बाराशेच्या खाली असेल तर फॉर्म भरू नये, असं स्पष्ट सांगितलं. टाळ्या पडल्या.
प्रगती आणि तिची आई बानूबाई तिसऱ्या रांगेत. कार्यक्रम झाल्यावर प्रगतीनं विचारलं, सर भर म्हणत्यात, तू काय म्हणतोस? मी म्हणालो, १०४० वर वेळ घालवू नकोस. तिनं मान हलवली. बानूबाई म्हणाल्या, “तुमी शिकल्याली मानसं. तुमी म्हणाल त्येच खरं.”
घरी येऊन उरलेले पेढे मोजले.

१० डिसेंबर
संकल्प: आज अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज पूर्ण. रिसर्चचा पॅराग्राफ सोडून सगळं झालं.

११ डिसेंबर
रिसर्चचा पॅराग्राफ सोडून सगळं झालं.

१४ डिसेंबर
झाला. ‘आम्ही बावीस विहिरींचा चौदा महिने अभ्यास केला.’ खोटं नाही. मी दोनदा प्रगतीबरोबर गेलो होतो. एकदा बाटल्यांची पिशवी धरली, एकदा लिंबाखाली बसून शब्द पाठ केले. ‘आम्ही’ म्हटलं की मॉडेस्टही वाटतं.

२४ जानेवारी २००७, दौंड, सायबर कॅफे
ज्यांच्याकडे अर्ज केला, त्या अमेरिकेतल्या प्रोफेसरांची मेल!! स्वतःहून!!! विहिरींचं काम आवडलंय. एकच शंका. सरांनी माझ्या शिफारसपत्राबरोबर विहिरींच्या आकड्यांचा तक्ता जोडला होता म्हणे, त्यात नऊ नंबरच्या विहिरीचं नायट्रेट दोन्ही नोव्हेंबरांत चढतं. बाकीच्यांचं उतरतं. कारण काय?
तक्त्यावर नाव कुणाचं होतं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.
कारण मला माहीत नाही.

२५ जानेवारी
वडगाव रासाई. प्रगती नऊ नंबरवरच होती, दोरीला बाटली बांधून. सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसली. म्हणाली, “आरं, तिथं आमचीच मेंढरं बसत्यात की. कोकणात उतरायच्या आधी पंधरा दिवस. लेंड्यांचं खत व्हतं म्हणून रानमालक बसवून घेतो. ते खाली झिरपतं. ह्यात काय संशोधन?”
कशाला पायजे, असंही विचारलं. मी म्हणालो, जनरल नॉलेज.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची. नंतर मेल पाठवली. ‘आमच्या निरीक्षणानुसार मेंढ्या...’ परत ‘आम्ही’. आता सवय झालीय.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसात
प्रोफेसरांचा फोन. आप्पांनी पतसंस्थेचे चार डायरेक्टर ऐकायला बसवले होते. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, तेवढंच बरं झालं.
त्यांनी मार्कांचं काहीच विचारलं नाही. मीच मध्ये दोनदा १३१० सांगितलं. ते म्हणाले, ओके. मग विचारलं, मेंढ्या किती होत्या? विहिरीपासून किती लांब? ज्या वर्षी बसल्या नाहीत, त्या वर्षीचं पाणी तपासलं का? आप्पा खुणेनं म्हणाले, बोल की. शेवटी मी म्हणालो, ते काम एक मुलगी बघते. ते एकदम उत्साहात आले. तिनं अर्ज केलाय का? फॉर्म पंधरा तारखेपर्यंत घेतात.
मी म्हणालो, तिला पीएचडीत इंटरेस्ट नाही.
फोन ठेवल्यावर डायरेक्टरांनी हात मिळवले. आप्पांनी विचारलं, काय म्हणला? मी म्हणालो, फोन चांगला झाला.

८ फेब्रुवारी
कॉलेजला गेलो नाही. ताप नाही. आईनं दोनदा कपाळ बघितलं.

९ फेब्रुवारी
गेलो वडगावला. सगळं सांगितलं. ‘आम्ही’, मेल, फोन, इंटरेस्ट नाही, सगळं. प्रगतीनं आधी बाटलीचं बूच लावलं, वर तारीख लिहिली. मग म्हणाली, “मी तुझं ऐकलं सत्यजीत. मला वाटलं, इंग्रजी येतं त्याला तिकडचं कळत आसंल.”
मी म्हणालो, अजून सहा दिवस आहेत. ती म्हणाली, “फॉर्म मी भरते. पण मला इंटरेस्ट न्हाई, हे तू सांगितलंस. तूच खोड.”
चहा न घेता निघालो. तिनं विचारलाही नव्हता.

१० फेब्रुवारी, सायबर कॅफे
मेल पाठवली. काम तिचं. मेंढरं तिची. इंटरेस्ट नाही, हे मी बनवलं. चार ओळी लिहायला दोन तास लागले. इंग्लिश मीडियम.

१३ फेब्रुवारी
उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. प्रगतीचा फॉर्म मिळाला, सरांचं पत्र मिळालं, उद्या तिला फोन करणार आहेत. तिच्या १०४० बद्दल एक शब्द नाही.
माझ्याबद्दलही नाही. मेल तीनदा खालपर्यंत वाचली.
घरी आप्पा टेप घेऊन बसलेत, अमेरिकेत थंडी असते म्हणून कोट शिवायचाय. मी हात वर करून उभा राहिलो आणि छाती मोजू दिली.
तशी ‘रिजेक्ट’ म्हणून अजून मेल आलेली नाही. कधी कुणी ही वही वाचलीच, तर खरं सांगा: आप्पांना आज सांगावं, की थोडे दिवस थांबावं? तुम्हाला काय वाटतं?