सोमवार सकाळचं गोल्फ

बाई, तुम्ही कॉलेजात आम्हाला संभाव्यता शिकवलीत त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही जाऊनही वीस झाली. आज लिहिते आहे ते गोल्फवरच्या सट्ट्याविषयी. हसू नका. माझी मुलगी त्यात अडकली आहे आणि मला भीती वाटते.

मी इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीला राहते, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला. उन्हाळ्यात जावयाचा फोन आला. तो कधी तक्रार करत नाही. "आई, ती सोमवारी कामावर जात नाही. अमेरिकेतल्या स्पर्धा आपल्याकडे सोमवारी सकाळी संपतात, ती स्क्रीनसमोरून हलतच नाही. ऑफिसने लेखी ताकीद दिली आहे. अजून एकदा झालं तर नोकरी जाईल." रागावणं मला चांगलं येतं, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. पण मी ठरवलं, आधी विषय समजून घ्यायचा, मग तिच्यासमोर सोडवून दाखवायचा. उत्तर दिसलं की माणूस थांबतो, असा माझा समज.

मग एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात मी वही उघडून बसले. ती चहा करत होती आणि खुशीत होती.

"आई, तू? सिरियसली?"

"शिकव."

"ओके. दीडशे प्लेअर्स, चार दिवस. दोन दिवसांनी अर्धे घरी जातात, तो कट. आपला माणूस कटमध्ये उडाला की खलास."

"आणि सगळ्यात चांगला खेळाडू?"

"त्याचा भाव नऊ. जिंकला तर डॉलरला नऊ."

"म्हणजे नऊपैकी आठ वेळा तो हरणार, असं भाव लावणारेच सांगतात."

"एक्झॅक्टली! हरणं नॉर्मल आहे, आई."

हे ती आनंदाने म्हणाली, मी वहीत आठखाली रेघ मारली. मग तिने सांगितलं, अर्धे पैसे तो जिंकेल यावर लावायचे आणि अर्धे तो पहिल्या पाचांत येईल यावर. पाचवा आला तरी थोडं परत मिळतं. म्हणजे आठवडा अगदीच फुकट गेला असं कधी वाटत नाही, आणि माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो. नऊचा एक नवमांश, असे सगळ्यांचे भाव उलटे करून मी बेरीज केली. ती एक यायला हवी, बरीच जास्त आली. "हे जे जास्तीचं आहे ना, ते भाव लावणाऱ्या दुकानदाराचं. तू कायम हरणार," मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या मते तास संपला होता. तिने वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "पण सगळ्यांचे भाव सारखेच चुकलेले नसणार ना? कुणाचा आपल्या बाजूने चुकलाय, ते तू काढू शकशील?"

मी पेन्सिल परत उचलली.

तेव्हा मला तुमचा वर्ग आठवायला हवा होता. तुम्ही नाणं उडवलंत, सहा वेळा छापा पडला, आणि मी उभी राहून ठासून सांगितलं की आता काटाच. "नाण्याला मागचं काही आठवत नाही," तुम्ही म्हणालात. "तुला आठवतं, आणि त्याला तू हुशारी म्हणतेस. बस खाली." संध्याकाळी मला घरी बोलावलंत. मेथी निवडता निवडता, वर न बघता म्हणालात, "मला हुशार मुलींचीच काळजी वाटते. मठ्ठ मुली वेळेवर घाबरतात."

आता दर बुधवारी मी तिला यादी पाठवते. वाऱ्यात कोण चांगलं खेळतो, कुणाचा हात शेवटच्या दिवशी थरथरतो, सगळं मला पाठ आहे. माझे दोघे पहिल्या पाचांत आले तेव्हा तिचा फोन आला, "आई, यू आर अ लेजंड!" शाळेतून घरी येऊन बोलायची तशी भरभरून बोलली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा बोललोच नव्हतो.

गेल्या बुधवारी ती म्हणाली, "आई, या वेळी नको. ऑफिसमध्ये परत बोलावलं होतं. मी सट्ट्याचं ॲप काढून टाकलं." हेच तर मला हवं होतं. शाब्बास म्हणायचं आणि फोन ठेवायचा, एवढंच काम होतं. यादी माझ्यासमोर होती. मी म्हटलं, "अगं, पण या वेळी एक फार चांगला निघालाय."

तिने हळूच विचारलं, "कोण?"

मी नाव सांगितलं.

हे पत्र भावांच्या वहीत, मागच्या पानांवर लिहिलं आहे. तिथेच राहील. आज सोमवार. मघाशी मी तिला फोन केला. ती कामावर गेली का, एवढंच विचारायचं होतं. तिने उचलला, आणि मी विचारलं, "कितवा आहे?"