प्रवासाचं कारण

ती. बाबा,

नमस्कार, आणि नमस्कारापाठोपाठ तक्रार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही जवळजवळ गेलाय, आईला सांगा.

आपल्या गावची बस चालू ठेवायची का, हे आमची जिल्हा परिषद सोमवारी ठरवणार. त्यासाठी आठवडाभर प्रवासी मोजले. कमी भरले तर अनुदान बंद. मोजणीचे कागद तपासायला नेमके माझ्याच टेबलावर आले.

बुधवारच्या कागदावर मोजणाऱ्या बाईंनी लिहिलंय, "तपकिरी टोपीवाले आजोबा, दिवसात चार खेपा. शेवटच्या थांब्यापर्यंत जातात, तसेच परत येतात."

बाबा, ती टोपी मी विणलीये! या वयात ही लबाडी? गुडघ्याचं काय? आईला माहीत आहे का?

एका माणसाची दिवसात एकच खेप धरतात. तीन खोडणं भाग होतं. पण तुमच्या त्या तीन खोडूनही आकडा जेमतेम भरतो. बस वाचेल असं वाटतं.

कोणती खेप ठेवायची, म्हणून शेवटचा रकाना वाचला. 'प्रवासाचं कारण' याखाली तीनदा 'सहज' लिहिलंय. चौथ्यांदा बाईंनी तुमचं उत्तर जसंच्या तसं उतरवलंय: "लेकीच्या शहराची गाडी शेवटच्या थांब्यावरून सुटते. ती 'या' म्हणेपर्यंत तिथवरचा रस्ता पाठ करतोय."

ती खेप ठेवली.

या, बाबा. रविवारीच या, आईला घेऊन. मी थांब्यावर उभी असेन.

तुमची,
धाकटी